धूर कमी झाला की मला काळजी वाटते

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. डाइंगला वाफ लागते, साइझिंगला वाफ लागते, आणि वाफ कमी पडली की पहिली शिवी बॉयलरवाल्याला पडते. इथं आजवर लिहिलं ते सगळं आमच्याच लाइनीतलं. बोअरच्या पाण्यातला क्षार, पावसाळ्यात ओल धरलेलं ब्रिकेट म्हणजे आमचं जळण, गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच कशी साफ ठेवावी, असलंच. आजचा विषय लांबचा आहे, म्हणजे नकाशावर लांबचा.

हवाई बेटांवर किलाउआ नावाचा ज्वालामुखी आहे. २३ डिसेंबर २०२४ला त्याच्या शिखरावरच्या हालेमाउमाउ या विवरात उद्रेक सुरू झाला. तो सलग चालला नाही, उसळ्यांनी चालला. काही तास, कधी दिवसभर लाव्ह्याचं कारंजं उडायचं, कधी ३०० मीटरच्याही वर. मग एकदम बंद. पुढे काही दिवस किंवा काही आठवडे नुसता धूर, की पुन्हा उसळी. तिथल्या वेधशाळेनं विवराच्या कडेला कॅमेरे बसवलेत, ते चोवीस तास कोणालाही फुकट बघता येतात. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले की तिथं सकाळचे सहा वाजतात, त्यामुळे माझ्या रात्रपाळीला तिथं दिवस असतो. आमचा फायरमन पोरगा पहिल्यांदा माझ्या मोबाइलमध्ये डोकावला तेव्हा म्हणाला, "काय बघालाव ओ मामा? आग तर इथं समोरच हाय की!"

खरं आहे त्याचं. आगच बघायची तर भट्टीचं दार उघडलं की झालं. पण मी जास्त वेळ बघतो ती एक रेघ.

वेधशाळेच्या पानावर जमिनीच्या कलाचा आलेख असतो. विवराच्या जवळ जमिनीत खोल भोक पाडून त्यात एक फार नाजूक पाणसळ उतरवलेली असते. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसाच बुडबुडा हिच्यातही असतो, पण तो किती सरकला हे विजेच्या प्रवाहावरून मोजलं जातं आणि मोजमाप असतं मायक्रोरेडियनमध्ये. एक किलोमीटर लांबीच्या दांड्याचं टोक एक मिलिमीटर उचललं की जो कल येतो तो एक मायक्रोरेडियन. हिशेब करून बघा: सोलापूरपासून पुण्यापर्यंत सरळ दांडा टाकला आणि पुण्याकडचं टोक वीतभर उचललं, तेवढा. खाली शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, भरत गेला की डोंगर फुगतो आणि रेघ चढते. कारंजं सुरू झालं की डोंगर बसायला लागतो, रेघ उतरते, एका उसळीत दहा-वीस मायक्रोरेडियन. कारंजं थांबलं की जवळजवळ त्याच वेळी रेघ परत वर वळते. या चढत्या रेघेवरून वेधशाळा सांगते, पुढची उसळी अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान. अंदाज पुढंमागं होतो, पण मोघम नसतो.

माझं कामही असंच आहे, फक्त भांडं लहान. दर तासाला लॉगबुकात प्रेशर लिहायचं, पाण्याची पातळी, फीड पाण्याचं तापमान, चिमणीचं तापमान. नव्या पोरांना वाटतं काटा लाल खुणेच्या खाली आहे ना, मग कशाला लिहायचं. काटा साडेआठ किलोवर आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. मागच्या तासाला तो कुठं होता, मधे डाइंगवाल्यांनी वाफ ओढली होती का, आग तेवढीच असताना चढला का, हे कळलं तर त्या साडेआठला अर्थ. बॉयलरवर निदान पाटी असते, इतक्या किलोपर्यंत चालवा. त्याच्या दीडपट दाबाला पाण्यानं तपासलेलं असतं, इन्स्पेक्टरची सही असते, वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. डोंगराला पाटी नाही. त्याचा पत्रा किती जाडीचा आहे कोणालाच माहीत नाही, आणि व्हॉल्व्ह कुठून उडेल तेही. माझी तुलना इथं संपते.

ज्यांनी हे आलेख मांडले त्यांचं मला मोठं कौतुक आहे. हवाईची वेधशाळा १९१२ साली थॉमस जॅगर नावाच्या भूवैज्ञानिकानं उभी केली. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे ८ मे १९०२ला, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पेले हा डोंगर फुटला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत जळून गेलं. सुमारे २८,००० माणसं गेली. जॅगर ते बघायला गेला होता. उद्रेक होऊन गेल्यावर पोचायचं आणि मढी मोजायची, यापेक्षा डोंगराशेजारी घर करून राहायचं, हे त्याच्या डोक्यानं घेतलं ते तिथून. शेजारी राहण्याची किंमतही वेधशाळेनं मोजलीय. २०१८ साली किलाउआच्या पूर्वेकडच्या उतारावर लाव्हा बाहेर पडला, सातशेच्या वर घरं गेली, आणि शिखराखालचा शिलारस निघून गेल्यामुळे विवराची जमीन टप्प्याटप्प्यानं खचली. त्या हादऱ्यांत वेधशाळेची स्वतःची इमारत इतकी तडकली की सोडून द्यावी लागली. आणि ६ डिसेंबर २०२५च्या उसळीत दक्षिणेकडच्या तोंडातलं कारंजं तिरकं होऊन थेट एका कॅमेऱ्यावरच आलं. व्ही-३ म्हणायचे त्याला. गाडला जाईपर्यंत चित्र पाठवत होता. आमच्या शेडमधल्या सगळ्या पोरांनी ती फीत बघितली. सगळ्यांची एकच प्रतिक्रिया होती, पण ती लिहिण्यासारखी नाही.

मला हा नाद का लागला, असं कोणी विचारलं तर किल्लारी म्हणावं लागेल. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आम्ही तेव्हा साखर पेठेत राहायचो. फळीवरचे डबे खाली आले, आईनं आम्हाला उठवून गल्लीत नेलं, आणि उजाडेपर्यंत कोणी घरात गेलं नाही. रेडिओवर कळलं तेव्हा लातूर-उस्मानाबादकडची गावं मातीत मिळालेली होती. जवळपास दहा हजार माणसं. मिरवणुकीहून दमून येऊन झोपली ती झोपलीच. भूकंपानं आधी काही सांगितलं नव्हतं. आजही इतकं शास्त्र पुढं गेलं तरी अमुक तारखेला अमुक ठिकाणी भूकंप होईल असं कोणाला सांगता येत नाही. ज्वालामुखीचं तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. शिलारस वर यायचा तर त्याला खडक फोडत यावं लागतं, मग बारीक बारीक धक्के बसतात. त्याला जागा लागते, मग जमीन फुगते. वर आल्यावर दाब कमी होतो, मग त्यात विरघळलेला वायू सुटायला लागतो. एवढ्या खाणाखुणा करत येणारा शत्रू फार थोड्या जणांच्या वाट्याला येतो.

यातल्या वायूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच सगळे फसतात.

फिलिपिन्समध्ये पिनातुबो नावाचा डोंगर होता. सुमारे पाचशे वर्षं गप्प. झाडी वाढलेली, अंगावर आएटा लोकांच्या वस्त्या, पायथ्याशी अमेरिकेचा मोठा हवाई तळ. २ एप्रिल १९९१ला त्याच्या अंगातून वाफेचे स्फोट झाले. फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था आणि अमेरिकन भूवैज्ञानिक यांनी घाईघाईनं भूकंपमापकं बसवली, आणि विमानातून सल्फर डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. सूर्यप्रकाश त्या वायूतून येताना त्यातले काही किरण शोषले जातात, किती शोषले त्यावरून रोज किती टन वायू निघतो हे काढता येतं. मेच्या मध्याला दिवसाला ५०० टनांच्या आसपास होता. महिनाअखेरीस ५,००० टनांच्या वर गेला. आणि मग जूनच्या सुरुवातीला एकदम उतरला, काही शे टनांवर आला.

पायथ्याचा माणूस काय म्हणेल? धूर कमी झाला, डोंगर शांत झाला, चला घरी. शास्त्रज्ञांनी उलटं वाचलं. धक्के कमी झालेले नव्हते. म्हणजे शिलारस येतोच आहे, फक्त वायू निघायची वाट बुजली आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. वाफ कुठून तरी फुसफुसत होती ती अचानक थांबली आणि काटा मात्र चढताच, हे ज्यानं बॉयलर हाऊसमध्ये ऐकलंय त्याला यापुढचं सांगायची गरज नाही.

त्यांनी इशाऱ्याची पातळी वाढवत नेली. माणसं हलवायचा पट्टा दहा किलोमीटरवरून वीस, तीस, शेवटी चाळीसवर नेला. १० जूनला हवाई तळ रिकामा झाला, साडेचौदा हजार माणसं एका दिवसात बाहेर पडली. १५ जूनला पिनातुबो फुटला. विसाव्या शतकातला दुसऱ्या नंबरचा उद्रेक. राखेचा खांब पस्तीस किलोमीटरच्या आसपास गेला. पुढच्या वर्षभरात साऱ्या पृथ्वीचं तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. निदान पाच हजार जीव त्या इशाऱ्यानं वाचले असा अंदाज आहे. त्या काळी इशारा समजावून सांगायला एक चित्रफीत फार कामाला आली होती, मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखी-वेड्यानं चित्रीकरण केलेली. अंगावर येणारा राख-वायूचा लोट म्हणजे काय, चिखलाचा लोंढा म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना त्यात डोळ्यांनी दिसलं. स्वतः मॉरिस आणि त्याची बायको कातिया पिनातुबोच्या बारा दिवस आधी, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेन डोंगरावर तसल्याच लोटात गेले.

पिनातुबोत ज्यांचे जीव गेले त्यातले बरेच जण लाव्ह्यानं मेले नाहीत. त्याच दिवशी नेमकं चक्रीवादळ आलं. पाऊस आणि राख एकत्र झाली आणि छपरं खाली आली. दहा सेंटीमीटर कोरडी राख एका चौरस मीटरवर पन्नास-साठ किलो भरते, भिजली की शंभरच्या पुढं जाते. आमच्या शेडच्या पत्र्याकडे बघून मी हिशेब केला होता. वीस बाय दहा मीटरच्या शेडवर वीस टन. कैच्या तेवढं कशाला धरतील!

आता याच्या सहा वर्षं आधीचं ऐका. कोलंबियात नेवादो देल रुईस हा बर्फानं झाकलेला डोंगर. वर्षभर कुरकुरत होता. ऑक्टोबर १९८५मध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला, त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या वाटेवर स्पष्ट दाखवलेलं होतं. १३ नोव्हेंबरला रात्री नऊच्या सुमाराला उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या मानानं तो किरकोळच होता. पण गरम राखेनं वरचं बर्फ वितळवलं, ते पाणी दगडमाती घेऊन दऱ्यांतून निघालं, आणि सत्तर किलोमीटरच्या वर अंतर कापून साडेअकराच्या सुमाराला आर्मेरोवर आलं. साधारण अडीच तास होते. संध्याकाळपासून गावात राख पडत होती, तरी लोकांना घरात शांत बसायला सांगितलं गेलं. सगळी मिळून २३,००० माणसं गेली. टेकाडावर चढायला अर्धा तास पुरला असता.

यंत्रं कमी होती हे खरं, पण नकाशा होता. तो नकाशा कागदावरून गल्लीत उतरला नाही. का उतरला नाही, याचा एक धागा आणखी नऊ वर्षं मागं जातो, ग्वादलूप बेटाकडे. १९७६मध्ये तिथला सूफ्रियेर डोंगर वाफा टाकायला लागला. सत्तर हजारांवर माणसं घराबाहेर काढली आणि महिनोन्‌महिने बाहेर ठेवली. मोठा उद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञ एकमेकांवर वर्तमानपत्रांतून तुटून पडले, कोणी म्हणे गरज नव्हती, कोणी म्हणे होती. लोकांचे धंदे बसले ते बसलेच. असं झालं की पुढच्या वेळी गाव हलवायचं म्हटल्यावर प्रत्येक साहेबाचा हात सहीपाशी थांबतो.

मला त्या साहेबांचा राग येतो, आणि कळतंही. पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो, तिथं भर पाळीत लो-वॉटरचा अलार्म वाजला. गेज ग्लासमध्ये पाणी नीट दिसेना, वर का खाली कळेना. मी फॅन बंद केला, आग ओढून बाहेर काढली. वाफ बसली, डाइंगमधला अख्खा लॉट डाग पडून वाया गेला. नंतर निघालं काय, पाण्याची पातळी बघणाऱ्या प्रोबवर क्षार बसलेला, पाणी होतं. मालकाच्या पोरानं मला सगळ्यांसमोर जे सुनावलं ते मी विसरलेलो नाही, आणि उद्या तसंच झालं तर पुन्हा आग काढीन. पण दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेल्या अटेंडंटचा विचार करा. तो अलार्म वाजल्यावर आधी काय करणार? आधी मालकाच्या पोराला फोन लावणार. आर्मेरोत असेच फोन लागत राहिले असतील, एवढंच मी म्हणतो.

आर्मेरोनंतर अमेरिकेनं १९८६ साली एक फिरतं पथक तयार केलं. कुठल्याही देशाचा डोंगर जागा झाला आणि त्या देशानं बोलावलं तर यंत्रं पेट्यांत भरून घेऊन जायचं. पिनातुबोला धावलं ते हेच.

आता दुसरी बाजू लिहिली नाही तर कोणी तरी म्हणेल मामा नुसते भक्त झालेत. सगळे डोंगर सांगून फुटत नाहीत. जपानमधला ओंताके २७ सप्टेंबर २०१४ला, शनिवारी, ऐन दुपारी, पानं रंगलेली बघायला आलेल्या लोकांनी शिखर भरलेलं असताना फुटला. इशाऱ्याची पातळी होती एक, म्हणजे सगळ्यात खालची. ६३ माणसं गेली, काहींची प्रेतंही मिळाली नाहीत. तिथं नवा शिलारस वर आलाच नव्हता. जमिनीत मुरलेलं पाणी तापत होतं, त्याची एकदम वाफ झाली. पाण्याची वाफ झाली की उघड्या हवेत तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. आमच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. ती जागा तिला खडक उडवून मिळाली. न्यूझीलंडचं व्हाकारी बेटही तसलंच, ९ डिसेंबर २०१९. तिथं मात्र तीन आठवडे आधी पातळी एकवरून दोनवर नेलेली होती, तरी सहली चालू होत्या. त्या वेळी बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ गेले. पातळी वाढवणं एकाच्या हातात आणि बोटी सोडणं दुसऱ्याच्या, असं असलं की हे होतं.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५च्या, माझा फोन दोन दिवस सारखा वाजत होता. इथिओपियातल्या अफारच्या वाळवंटात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी २३ तारखेला फुटला. त्याच्या उद्रेकाची कुठं लेखी नोंदच नव्हती. राख चौदा किलोमीटर उंच गेली, येमेन-ओमानवरून समुद्र ओलांडून २४च्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीवर आली. विमानं रद्द झाली, काही वळवली. आमच्या गल्लीतला प्रश्न: "सोलापूरला राख पडणार का? गच्चीवर मिरच्या घातल्यात." पडली नाही. ती फार उंचावरून चालली होती आणि आपल्याहून उत्तरेकडून. जगाचं आकाश नऊ केंद्रांनी राखेच्या पहाऱ्यासाठी वाटून घेतलंय. या ढगावर पहारा फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राचा होता. उपग्रहातून ढग बघायचा, वारा बघायचा, आणि कुठल्या उंचीवर तो किती वाजता कुठं असेल हे विमानवाल्यांना कळवायचं.

राखेनं विमानाला काय होतं, हे मी पोरांना आमच्याच भट्टीत दाखवलं. ब्रिकेटमध्ये माती जास्त आली आणि आग फार तापली की राख वितळते, शेगडीच्या सळ्यांना चिकटते, गार झाली की काचेसारखी टणक होते. क्लिंकर. सळईनं ठोकून काढावा लागतो, आणि तोवर हवा बंद. ज्वालामुखीची राख म्हणजे मुळात दगडाचा आणि काचेचा चुरा, जळक्या लाकडाच्या राखेशी तिचा काही संबंध नाही. जेट इंजिनच्या आतली आग हा चुरा वितळवण्याइतकी तापलेली असते. वितळलेली काच पुढं पात्यांवर जाऊन बसते आणि इंजिनाचा श्वास बंद. २४ जून १९८२च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट जावा बेटावरून चाललं होतं, खाली गालुंगगुंग फुटलेला. चारही इंजिनं बंद पडली. रडारला कोरडी राख दिसत नाही, त्यामुळे वैमानिकांना काय झालंय तेच कळेना. विमान घसरत ढगाच्या खाली आल्यावर, गार झालेली काच तडकून निघाली आणि इंजिनं परत लागली. समोरच्या काचा वाळूनं घासल्यासारख्या आंधळ्या झालेल्या, तशाच जाकार्ताला उतरवलं. पोरानं क्लिंकरचा तुकडा हातात फिरवत विचारलं, "एवढ्यानं?" एवढ्यानंच.

याच फोनांतला दुसरा प्रश्न होता, आपल्याकडे फुटंल का. नाही. आपल्या पायाखाली जे आहे ते फुटून गेलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांमधून लाव्हा थरावर थर वाहिला. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. बोअर मारताना मुरूम संपून काळा पाषाण लागतो तो हाच, आणि मधेच तांबडी माती वर येते ती दोन थरांच्या मधल्या काळात झिजलेली जमीन. विहिरीच्या दगडात भोकं दिसतात ती लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत नंतर पांढरे स्फटिक भरलेत. ज्वारीची आपली काळी जमीनही त्याचाच भुगा. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ साली पहिली नोंद, मग दीडशे वर्षांहून जास्त झोप, १९९१पासून पुन्हा अधूनमधून चालू. तिथं वस्ती नाही, म्हणून बातमी चार ओळींत संपते.

आणि दख्खनचा लाव्हा ज्या ठिकाणाहून आला ते ठिकाण? बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की ते जागेवरच राहिलं, आपण उत्तरेला सरकलो. आज त्याच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा डोंगर जगातल्या सगळ्यात जास्त वेळा फुटणाऱ्यांपैकी एक आहे. १९७७मध्ये त्याचा लाव्हा एका गावात शिरला, चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला. त्यानंतर तिथं वेधशाळा झाली. किलाउआसारखाच त्यांचाही आलेख असतो. फुगतो, धक्के वाढतात, भेग पडते, लाव्हा निघतो. मी तो बघतो तेव्हा मनात येतं, चुकून आपण सरकलो नसतो तर ही वेधशाळा अक्कलकोटात असती आणि आमच्या इन्स्पेक्टर साहेबांकडेच तिचा चार्ज असता.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण हल्ली आमच्या भागातूनही नवरा-नवरी बालीला जातात. नोव्हेंबर २०२४ला आमच्या शेजारच्या पद्मशाली कुटुंबातली मुलगी आणि जावई तिकडे अडकले. फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी लाकी-लाकी फुटला होता, बालीहून शेकडो किलोमीटर लांब, पण राखेमुळे बालीची विमानं रद्द. तिची आई रात्री दारात आली. "अण्णा, डोंगर तिथं, मग विमान इथलं कसं काय उडंना?" मी तिला भट्टीवर नेऊन क्लिंकर दाखवू शकत नव्हतो, तोंडी सांगितलं. पोरगी तिकडे समुद्रावर फोटो काढत होती, काळजी सगळी इकडेच.

तेव्हापासून कोणी विचारलं तर एवढं सांगतो. इंडोनेशियात डोंगराच्या चार पातळ्या असतात, खालून वर नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास, आणि त्या सरकारच्या ज्वालामुखी विभागाच्या पानावर रोज मिळतात. पातळीबरोबर विवरापासून किती किलोमीटर लांब राहायचं तेही लिहिलेलं असतं. ते अंतर आधी बघा, सूर्योदय नंतर. पाऊस पडत असेल तर डोंगरावरून उतरणाऱ्या नाल्यात, पुलाखाली थांबू नका. उद्रेक जुना झाला तरी चिखल ताजा असतो. राख पडायला लागली तर घरात जा, नाकातोंडाला चांगला मास्क, डोळ्यांत लेन्स नको. विम्याच्या कागदात ज्वालामुखीमुळे रद्द झालेलं विमान धरलंय का, ते पैसे भरण्याआधी वाचा. आणि सहल नेणारा म्हणाला, "काही होत नाही, आम्ही दरवर्षी नेतो," तर त्याला विचारा, आज पातळी कितीवर आहे. सांगता आली नाही तर दुसरा बघा.